तारेनं बांधलेल्या पेट्या

आमच्याकडे नळाला पाणी येतं त्या सकाळी घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. त्या दिवशीही मी पिंप भरत होते, गॅसवर दूध होतं आणि आमचे हे बनियन शोधत घरभर फिरत होते. तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली.

मागच्या दाराला आमच्याकडे कुणी येत नाही. तिकडे मोरी, फुटक्या फरश्या आणि बंद पडलेला कूलर.

"मांजर असेल," हे आतून म्हणाले.

"मांजर कडी वाजवतं का हो?"

दार उघडलं तर गोरक्षनाथ उभे. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, हात पाठीमागे. मी बघतच राहिले, कारण दसरा होऊन गेला होता. आमच्या मिरजगावाबाहेर त्यांची वस्ती आहे. दसऱ्यानंतर त्या वस्तीवर म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी उरतात. बाकी सगळे ऊसतोडीला जातात ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. गोरक्षनाथ आणि त्यांची बायको रंगुबाई लग्न झाल्यापासून असेच जात आले. उन्हाळ्यात गावात असले की ते मिळेल ते काम करतात. आमची टाकी तेच धुतात, म्हणून ओळख.

"तुम्ही गेला नाहीत?"

"न्हाई वैनी. औंदा न्हाई."

"आणि रंगुबाई?"

"ती गेली."

चहा दिला तेव्हा थोडं थोडं कळलं. मागच्या हंगामात ट्रकवर मोळी चढवताना ते फळीवरून खाली आले. पाठीचं दुखणं सरेना, तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलायचं नाही. उचललंत तर पुढे चालताही येणार नाही. तोडीला नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. रंगुबाई यंदा एकटीच, अर्धा कोयता म्हणून गेली. मुलगा चाकणला कंपनीत. म्हणजे घरात गोरक्षनाथ एकटे.

"जाताना काय म्हणाल्या?"

"म्हनली, तुमचं तुमी बघा." कपातला शेवटचा घोट घेऊन ते थांबले. "वैनी, एक इचारू का? थंडीत हितं लोक काय करत्यात?"

मला हसू आलं आणि लगेच गेलं. ते खरंच विचारत होते. पन्नाशीला आलेल्या माणसानं लग्नानंतर आपल्या गावचा हिवाळा पाहिलाच नव्हता. पहाटे जाग येते, उठून बसतो, मग कुठं जायचं ते कळत नाही, म्हणाले. जिरायत तुकडा आहे, तो चुलतभाऊ करतो. त्यात हिरवी ज्वारी उभी बघून ते बांधावर कितीतरी वेळ थांबले होते. "आमी यायचो तवा नुसती धसकटं असायची. मला वाटलं, रान चुकलं."

आता मी काय सांगणार? आम्ही हिवाळ्यात काय करतो? स्वेटर काढतो, हुरडा खातो. तरी काहीतरी द्यायला हवं म्हणून मी त्यांना आमचं मागचं अंगण दाखवलं. कुंड्या महाग, म्हणून लाकडी पेट्या करून त्यात भाजीपाला लावायचा, असं माझ्या मनात पावसाळ्यापासून होतं. हायवेवरच्या फरशीच्या दुकानात माल ज्या लाकडी पॅलेटवर येतो, ती तिथे मागे नुसती पडून असतात. यांनी ती स्कूटरवर एकेक करून आणली होती आणि शेजाऱ्यांनी 'सर, जळण लागलं का?' म्हणून चिडवून झालं होतं.

"अशी पेटी," मी हातांनी दाखवलं. "लांबट. आत सिमेंटचं रिकामं पोतं, त्यावर माती."

"मोठी किती करू?"

"तुम्हाला बरी वाटेल तेवढी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला तेव्हा वाटलं, कान जरा मंद असतील.

दुसऱ्या दिवशी ते उजाडायच्या आत आले आणि आमचं दार उघडेपर्यंत कूलरवर बसून राहिले. पॅलेट सुटी केली, फळ्या कापल्या. मी खिळ्यांची पुडी दिली ती तशीच राहिली. दुपारी बघते तर पहिली पेटी तयार, पण एकही खिळा नाही. सगळे कोपरे तारेनं बांधलेले, पक्कडीनं पीळ घातलेले. वर दोन्ही बाजूंना उचलायला दोरीचे कान.

"गोरक्षनाथ, हे खिळ्यांचं काय झालं?"

"खिळं मारलं की मोडताना फळी फाटती."

"मोडायची कशाला?"

"जाताना."

"कोण जातंय?"

यावर ते स्वतःच गोंधळले. पेटीकडे बघितलं, तारेकडे बघितलं. "न्हाई, तसं कुनी न्हाई जात," म्हणाले आणि हसले. मग समजलं. कारखान्यावर उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, उभी करायची ती पुन्हा मोडण्यासाठी, चूल मांडायची ती उचलण्यासाठी. जे काही हातानं बनवलं ते सगळं ट्रॅक्टरमध्ये टाकता आलं पाहिजे. मग पेटीला कान नकोत?

"काढू का कान?"

"राहू द्या की. तुम्हाला वाटतं तसं करा."

पुन्हा तेच, ते बघत राहिले.

पेट्या झाल्या. उरलेल्या फळ्यांची एक पेटी ते स्वतःसाठी घेऊन गेले. रंगुबाई दर साली निघताना दारात मिरच्या-मेथी काहीतरी टोकून जायची आणि परतल्यावर वाळकी खोडं उपटायची. यंदा आपण इथं आहोत तर तिला हिरवं दिसलं पाहिजे, एवढं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"आता कुठं ठेवू?" आमच्या पेट्यांबद्दल त्यांनी विचारलं.

"तुम्हाला योग्य वाटेल तिथे."

त्यांनी घराच्या मागच्या भिंतीला लागून सगळ्या ओळीनं मांडल्या. "हितं लई ऊन. टाकी धुवाया आल्तो तवा पाय भाजलं हुतं."

मेथी उगवली तेव्हा आम्ही दोघांनी अगदी बाळ बघावं तशी बघितली. मग ती उंच उंच होत गेली, दोऱ्यासारखी, पिवळी. मी पाणी कमी केलं. त्यांनी शेणखत आणून घातलं. मी पाणी वाढवलं. एके दिवशी ते येऊन पेटीपुढे उकिडवे बसले.

"माझ्या घरची बी अशीच झालीया. वैनी, माझा हात वाईट हाय का?"

"असं काही नसतं हो."

"मग ऊन कुठं गेलं?"

आणि माझ्या हातात तेव्हा ओल्या कपड्यांची बादली होती. दिवाळी झाली की मी कपडे मागच्या तारेवर वाळत घालत नाही, गच्चीवर नेते. दर वर्षी. कारण सूर्य दक्षिणेला उतरतो आणि घराची सावली मागचं अर्धं अंगण खाऊन टाकते. हे मला ठाऊक होतं. पाय नेहमीप्रमाणे जिन्याकडे वळलेही होते. पण त्यांनी कुठं ठेवू विचारलं तेव्हा मी आपलं सभ्यपणे 'तुम्हाला वाटेल तिथे' म्हणून मोकळी झाले. आणि त्यांना जे ऊन माहीत, ते फक्त मे महिन्यातलं.

संध्याकाळी हे आल्यावर पेट्या हलवायच्या ठरल्या. गोरक्षनाथांनी वाकून कान धरला, तसं मी ओरडले, "तुम्ही नाही उचलायची!"

"मग मी काय करू?"

"तुम्ही सांगा कुठं ठेवायची."

एक कान मी धरला, एक यांनी. मातीनं भरलेली पेटी, पोटऱ्या थरथरायला लागल्या. गोरक्षनाथ अंगणाच्या मध्ये उभे, एकदा आकाशाकडे बघताहेत, एकदा कुंपणाकडे.

"तिकडं... न्हाई, हिकडं. तुमीच सांगा, सर."

"अहो मालक, ठरवा लवकर," हे म्हणाले, "नाहीतर पेटी माझ्या पायावरच टेकवतो, मेथी तिथेच वाढू दे!"

"मला न्हाई समजत सर. आमाला कवा इचारलंय कुनी?"

ते रागानं नव्हतं. पेटी आम्ही होती तिथेच टेकवली. कधी उठायचं, उसाचा कुठला फड तोडायचा, कोपी कुठं घालायची, कधी निघायचं, सगळं टोळीचा मुकादम सांगणार. आई होती तोवर गावात आई सांगायची. यंदा मात्र जो तो म्हणतोय, तुमचं तुमी बघा. रंगुबाई, मुलगा, मुकादम, डॉक्टरसुद्धा. "समद्यांचं चांगलंच हाय," ते म्हणाले, "पन म्या एकटा किती बघू?"

शेवटी मी सांगितलं, "पलीकडच्या कुंपणाला." ते चटकन हलले, पुढचे दगड बाजूला केले, जागा सारखी केली. इतक्या दिवसांत इतकं हलकं मी त्यांना पाहिलं नव्हतं. घरची पेटीही चुलतभावाला हाक मारून त्यांनी दुसऱ्या दिवशी दक्षिणेच्या अंगाला घेतली.

मेथी सावरली की नाही, अजून नक्की सांगता येत नाही. काही रोपं उभी आहेत, काही आडवी.

काल रात्री मुकादम भागवतचा त्यांना फोन आला होता, हे मला आज सकाळी त्यांच्याच तोंडून कळलं. टोळीतली दोन माणसं आजारी पडली म्हणून नव्या माणसांना न्यायला ट्रॅक्टर आज हायवेनं जाणार होता. 'मोळी नगं उचलू, नुसतं तोडायला ये. यायचं तर ये, न्हाई तर ऱ्हाऊ दे. तुझं तू बघ.' रंगुबाईला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, 'हितं थंडी लई हाय.' याचा अर्थ या असा, की येऊ नका असा, ते रात्रभर लावत बसले.

मी पोळ्या करत होते. मागची कडी वाजली. दारात गोरक्षनाथ, काखेत वळकटी, हातात कोयता फडक्यात गुंडाळलेला.

"निघालात?"

"ठाव न्हाई. रस्त्यावर गेल्तो. तितनं हिकडं आलो."

"पाठ?"

"दुकतीया. तोडताना बी वाकावंच लागतं. अन् मोळी नगं म्हनत्यात, पन ट्रक आला की कोन नगं म्हनतंय? मी बी चढवनारच. मला म्हाईत हाय."

"मग?"

"मग तुमी म्हनाल, तुमचं तुमी बघा."

खरं सांगते, तेच माझ्या जिभेवर होतं. हायवेच्या बाजूनं ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू आला. ते तिकडे वळले नाहीत, पेट्यांकडे बघत उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली.

"वैनी, मोटं काई नगं मला," ते म्हणाले. "तुमी मला एकदा 'जाऊ नका' म्हना."