आचारसंहितेतली बंदूक

"तुला आज आडवाच करतो," असं धाकट्या भावाला सांगून माझा नवरा घरात आला आणि बंदुकीसाठी कपाट उपसू लागला. माझी पातळं, गोधड्या, सगळं जमिनीवर. दीर अंगणातून ओरडत होता, "आण ना, वाट कसली बघतो? हा उभा हाय मी."

दिराने त्याच्या मक्यावर तणनाशक मारलं होतं. वाऱ्याने ते आमच्या द्राक्षबागेत आलं आणि छाटणीनंतरची कोवळी फूट वाकडीतिकडी झाली. वर्षाचं पीक गेलं. राग खरा होता, ते मी नाकारत नाही.

बंदूकही खरी होती, पीकराखणीच्या परवान्याची. तिने आजवर एकही रानडुक्कर मारलं नव्हतं. पाण्याच्या टाकीला तेवढं एकदा भोक पाडलं. पण पिंपळगावच्या बाजारात ह्यांना लोक 'बंदूकवाले' म्हणत, म्हणून ती कपाटात होती. भांडणं गावात घरोघरी होतात. बाकीच्यांकडे फार तर फावडं असतं. डोकं फुटतं, टाके पडतात आणि महिन्याभराने दोघं एकाच टपरीवर चहा पितात. बंदूक एकट्या आमच्याकडे.

"अगं, कुठं ठेवली?"

"ठाण्यात. तुम्हीच नेऊन दिली ना. निवडणूक हाय."

निवडणूक लागली, तेव्हा परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम आला होता. रागात माणूस तेही विसरला. कपाटात त्यांना फक्त पावती सापडली. ती घेऊन ते दारात आले.

दीर म्हणाला, "दादा, आता ती चालवून दाखव."

मला हसू आलं. हे ओट्यावर बसले आणि रडायला लागले. दीर घरी गेला. कायद्याने कुणाला शहाणपण आलं नाही. त्याने बंदूक तेवढी लांब ठेवली.

निकालानंतर ठाण्यातून फोन आला, बंदूक घेऊन जा.

"आणा," मी म्हटलं, "पण मग भाकऱ्या तीच थापेल."

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी परवाना परत करायचा अर्ज घेऊन निघाले. मीही सोबत गेले, वाटेत विचार बदलला तर काय घ्या.

ठाण्यातले साहेब म्हणाले, "काका, चांगली वस्तू आहे. कशाला सोडताय?"

ह्यांनी अर्ज पुढे सरकवला. मी सांगितलं, "ह्यांना राग येतो, साहेब."

दीर जिवंत आहे. माझा नवराही आहे, आणि तुरुंगात नाही, घरी आहे.