उरलेली मेमरी

राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात एकच नियम होता: चालतंय ना, मग हात लावायचा नाही. नवा सर्व्हर आला की जुन्याची सेटिंगची फाइल मी न वाचता जशीच्या तशी त्यावर चढवायचो. याला मी अनुभव म्हणायचो.

एका मशीनवर चार-पाच गिऱ्हाइकांचे प्रोग्राम चालत. प्रत्येकाचा गट वेगळा, आणि कुठला गट किती मेमरी खातो याचा तक्ता माझ्या स्क्रीनवर. मेमरी संपली की ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, सगळ्यात मोठा दिसणारा प्रोग्राम मारून टाकतो, म्हणजे मधेच बंद पाडतो. एका आठवड्यात तीन सकाळी त्यानं एकच प्रोग्राम मारला, दूध संकलनाचा. गावोगाव लोक कॅन घेऊन ताटकळलेले, आणि आमच्याकडं फोनवर शिव्या.

तो प्रोग्राम लिहिणारी मुलगी इचलकरंजीची होती. वडील यंत्रमागावर पाळीनं काम करायचे. नोकरी आहे तोवर लग्नाचा विषय काढायचा नाही, असं तिनं घरच्यांकडून कबूल करून घेतलं होतं. डबा खाताना ती हे हसत सांगायची.

मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. तक्त्यात तिचाच गट मोठा होता.

"आकडं खोटं बोलत्यात व्हय?" मालक ओरडले.

ती माझ्याकडं वळली. "सर, सगळ्या गटांची बेरीज केली तरी निम्मंच मशीन भरतंय. मग उरलेली मेमरी कुठं हाय?"

किती सरळ प्रश्न. साधी बेरीज करायची होती. पण नोकरीला आठच महिने झालेली पोरगी मला माझं काम शिकवते, याचाच मला राग आला. "तुझं तू बघ," मी म्हणालो. "तक्त्यात तुझाच मोठा दिसतोय." त्या शनिवारी मालकांनी तिला कामावरून काढलं.

दूध संकलन दुसऱ्या मशीनवर हलवलं, आणि पंधरा दिवसांत पहिल्या मशीनची मेमरी पुन्हा संपली. आता तिथं मारायला तिचा प्रोग्राम नव्हता. तेव्हा कुठं मी बेरीज केली. निम्मी मेमरी खुद्द कर्नलनं धरली होती. प्रोग्रामनं उघडलेल्या प्रत्येक फाइलसाठी कर्नल थोडी मेमरी आपल्याकडं ठेवतो. ती ज्याच्यामुळं लागली त्याच्या गटात मोजली जायला हवी. इथं ती कोणाच्याच नावावर नव्हती. मोजणीच बंद होती.

बंद करणारी ओळ सेटिंगच्या फाइलीत सापडली. कित्येक वर्षांपूर्वी एका जुन्या कर्नलवर ही मोजणी सुरू ठेवली की मशीन अडकायचं, म्हणून बंद केलेली. वर शेरा होता, "तात्पुरतं". खाली माझं नाव.

मोजणी सुरू केल्यावर तासाभरात खरा खादाड सापडला. पार्सल बुकिंगचा प्रोग्राम फाइली उघडत होता आणि एकही बंद करत नव्हता. तक्त्यात तो कायम सगळ्यात लहान दिसायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्या हातचा.

मालकांना सगळं सांगितलं. "दुरुस्त झालं न्हवं? मग आता कशाला उकरून काढताय?" म्हणाले. मला माझी लाज वाटली, आणि त्यांची किळस.

तिला फोन केला. लग्न ठरलं होतं, मुलगा मलकापूरचा. मी ओळीचं सांगायला लागलो तर तिनं मधेच थांबवलं.

"म्हाईत हाय, सर. ती ओळ मी तवाच बघितलीती. खाली तुमचं नाव होतं. मालकांपुढं तुमचं नाव कसं घ्यायचं? म्हणून नुसतं विचारलं. वाटलं, तुम्हीच सांगशिला."

मी जाणूनबुजून लपवलं, असं तिला वाटत होतं. मी तर खरंच विसरलो होतो. ती ओळ माझ्या ध्यानीमनीही नव्हती. पण हे मी तिला सांगितलं नाही. आजही ती मला खोटारडा समजत असेल, आणि स्वतःचीच ओळ न वाचणारा विसरभोळा ठरण्यापेक्षा मला तेच बरं वाटतं.