समासातलं उत्तर

रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयात मी जवळजवळ तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. वेगवेगळ्या देशांची तुलना करायचा तास आला की फळ्यावर यादी काढायची: कोणता देश स्वतंत्र, कोणता अर्धवट स्वतंत्र, कोणाचा क्रमांक घसरला. दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं की मॅडम, हे मोजतात कसं? मी पुस्तकातलं उत्तर द्यायचे. तज्ज्ञ असतात, प्रश्नावल्या असतात, लोकांना विचारलं जातं. त्या वर्गातल्या कुणाला कधी कुणी विचारलेलं नव्हतं. मलाही नाही.

म्हणून निवृत्तीनंतर एका संस्थेला अशाच पाहणीसाठी आमच्या तालुक्यात फिरणारी माणसं हवी आहेत असं कळलं, तेव्हा मी लगेच होकार दिला. अनेक देशांत एकच प्रश्नावली, फक्त भाषा तिथली तिथली. नियम कडक होते. घर चिठ्ठीने ठरायचं, घरातलं माणूसही चिठ्ठीने, आणि बोलायचं त्याच्याशीच, एकट्याशी. तीन फेऱ्यांत ते माणूस भेटलं नाही तरच दुसरं घर घ्यायचं.

गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरून एसटी आत वळते, त्या बाजूचं एक गाव माझ्याकडे आलं. नाव सांगणार नाही, तसा शब्द देऊनच मी तिथे प्रश्न विचारले. एका घरात चिठ्ठी निघाली सुनेची. वय तिशीच्या आत, बारावी झालेली, नवरा मुंबईला. ओटीवर सासरे बसलेले. ग्रामपंचायतीवर दोनदा निवडून आलेले गृहस्थ. त्यांनी मला खुर्ची दिली, कोकमाचं सरबत मागवलं आणि म्हणाले, "तिला काय विचारायचं बाई, मी सांगतो ना. लिहा, आमच्याकडे लोकशाही एक नंबर."

मी नियम सांगितला. सून बागेत गेली आहे, असं उत्तर आलं. दुसऱ्या फेरीला ती माहेरी गेली होती. तसं ते सांगत असताना मागच्या पडवीत कुणीतरी कोकमासाठी रातांबे फोडत होतं, आणि त्या घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं.

त्या संध्याकाळी मुंबईहून आमच्या पर्यवेक्षकाचा फोन आला. मुलगा सभ्य होता, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. सासरे बोलायला तयार आहेत तर त्यांचीच उत्तरं सुनेच्या फॉर्मवर भरून टाका, कोण बघायला येणार आहे, असं त्याने सुचवलं. मी म्हटलं, मी बघितलंय ना. आणि फोन ठेवला.

तिसऱ्या वेळी मी ओटीवर गेलेच नाही. घराला वळसा घालून सरळ मागच्या पडवीत गेले. ती तिथेच होती, हात मनगटापर्यंत लाल, पुढ्यात रातांब्यांची टोपली. माझ्याकडे न बघता म्हणाली की दोन्ही वेळा तिने माझा आवाज ऐकला होता. तेवढ्यात सासरे आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. मी फाईल मिटली आणि म्हटलं, तुम्ही पुढे ओटीवर जाईपर्यंत मी अशीच बसते, शेवटची एसटी संध्याकाळची आहे. ती रातांबे फोडत राहिली. शेवटी ते गेले.

मी प्रश्न विचारायला सुरुवात केली. देशात लोकशाही किती, शून्य ते दहामध्ये सांगा. तिने सात दिले. मत देताना पडद्याआड तिच्याबरोबर कुणी येत नाही, म्हणून एवढे, असं तिने सांगितलं. पुढचा प्रश्न होता, तुमच्या भागात लोकांना मनातलं उघड बोलता येतं का.

"भाग म्हणजे कुठून कुठवर?" तिने विचारलं. "हे घर त्यात धरायचं का?"

प्रश्नावलीत त्याचा खुलासा नव्हता. मी पानं उलटत होते, तेवढ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई वही घेऊन पडवीत आला. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, त्या सभेच्या हजेरीवर सही हवी होती. बाकीच्या घरांतल्या सह्या झालेल्या दिसत होत्या. तिने हात पदराला पुसले, वही हातात घेतली, तारीख वाचली.

"ही सभा झाली कुठे?"

शाळेत, तो म्हणाला.

"शाळेला त्या दिवशी कुलूप होतं. मी तिथूनच पाण्याला गेले."

शिपाई गोंधळला. सासरे परत आले. परक्या बाईसमोर तमाशा नको, सही कर, असं त्यांनी दरडावलं. तिने सासऱ्यांना एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "मामा, जी सभा झाली नाय तिची सही मी करणार नाय."

वही तिने मिटून शिपायाच्या हातात दिली. मला प्रशिक्षणात शिकवलं होतं की पाहणी करणाऱ्याने मध्ये पडायचं नाही. मी पडले नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा स्वतःचीच लाज वाटत होती. महाविद्यालयात न झालेल्या कितीतरी बैठकांच्या इतिवृत्तांवर मी सह्या केल्या होत्या, आणि त्याच दिवशी वर्गात जाऊन लोकशाही शिकवली होती.

सगळे गेल्यावर तिने मघाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. भागाला चार. घराचा आकडा वेगळा आहे, तोही लिहा म्हणाली. त्याला रकाना नाही, असं मी सांगितलं.

"मग कडेला लिहा. जागा आहे की."

तिने सांगितलं तसं मी समासात लिहिलं: घराला एक, आजपासून दोन.

चार दिवसांनी पर्यवेक्षकाचा पुन्हा फोन. सासऱ्यांनी संस्थेकडे तक्रार केली होती की मी गावातल्या बायकांना चिथावते. फॉर्म बाद करू या, शिवाय समासातलं संगणकात जात नाही, असं त्याचं म्हणणं. मी सांगितलं की फॉर्म नियमाप्रमाणे भरला आहे. बाद करायचा असेल तर कारण लेखी द्या, मीही लेखी उत्तर देईन. कारण आलं नाही. फॉर्म राहिला. पुढच्या पाहणीसाठी मला बोलावणंही आलं नाही. त्याचं मला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप मुळीच नाही.

पावसाळा संपता संपता ती मला रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर दिसली. बरोबर बौद्धवाडीतल्या एक वयस्क बाई होत्या. तिनेच हाक मारली. पुढच्या वेळी वही घरोघर फिरायला लागली तेव्हा या बाईंनीही सही नाकारली होती, मग आणखी काही जणींनी. शेवटी या बायकांनी स्वतःच शाळेच्या व्हरांड्यात सभा भरवली. अकराजणी आल्या. दोघींना घरून परत नेलं, तरी नऊ उरल्या. वाडीच्या नळाला पाणी का येत नाही, हा पहिला विषय. घरी काय झालं, असं मी विचारलं. सासऱ्यांनी महिनाभर अबोला धरला, नवऱ्याने फोनवर शिव्या दिल्या, असं तिने सांगितलं आणि लगेच पिशवीतून कागद काढला. वाडीच्या पाण्यासाठी पंचायत समितीत दिलेल्या अर्जाची प्रत होती, खाली नऊ सह्या. खिडकीवरचा माणूस अर्ज ठेवून जा म्हणाला होता.

"पोच घेतल्याशिवाय हललो नाय आम्ही," वयस्क बाई म्हणाल्या. "तो जेवायला गेला, आम्ही तिथंच बसलो."

कोपऱ्यातला गोल शिक्का जरा पुसट उमटला होता, पण तारीख स्वच्छ वाचता येत होती. एसटी लागली. गर्दी फार होती. त्या दोघी कोपरांनी वाट काढत आत शिरल्या.