मनोहरभाऊंची शिंक

आधी चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर सांडाल. आणि हसायचंच असेल तर मला हसा, सुनंदाला नको. एवढं कबूल असेल तर सांगते. असा घोळ घातलाय मी, की नागपूरच्या त्या नाट्यगृहासमोरून रिक्षा गेली तरी मी पदर ओढून घेते!

सुनंदा माझी शेजारीण. वरठीला आमची दोघींची भिंत एक. तिच्याकडे फोडणी पडली की ठसका मला लागतो. लोक मला भोचक म्हणतात. म्हणू द्या! आळीत कुणाचं सिलेंडर संपत आलंय हे त्या घराच्या आधी मला कळतं, त्यात माझा काय दोष? कान देवानं दिले, भिंती बांधल्या गवंड्यानं.

तिचे मिस्टर मनोहरभाऊ कारखान्यात होते. माणूस गायीसारखा गरीब. पण शिंक? बाप रे बाप! आधी "आँ… आँ…" असा लांबलचक आलाप, आणि मग असा बार, की माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. वेळही कोणती, तर सकाळी सगळे कामावर निघायची. आता आपल्यात निघताना शिंक झाली की माणूस घडीभर थांबतो, घोटभर पाणी पितो आणि मग निघतो. त्यामुळे अख्खी आळी सायकली, मोटारसायकली धरून फाटकात खोळंबायची.

"झाली का मनोहरभाऊ? का अजून एक हाय?"

"थांबा गा जरा… येऊन राहिली!" भाऊ आतून ओरडायचे. सुनंदा तर लाजेनं अर्धी व्हायची.

गेल्या पावसाळ्यात मनोहरभाऊ गेले. चहा घेता घेता, बसल्या जागी. त्या सकाळी ते शिंकले नव्हते. सगळे वेळेवर कामावर गेले होते.

तेव्हापासून भिंतीपलीकडून आवाजच येईना. रेडिओ नाही, भांडं नाही, रडणंसुद्धा नाही. मी भिंतीला कान लावून लावून कान दुखवून घेतला. समोर गेलं की सुनंदा चहा द्यायची, "बरी हाव" म्हणायची, आणि चहा संपायची वाट बघायची. त्यात पुण्याहून मुलाचा फोन आला, दिवाळी झाली की आईला कायमचं घेऊन जातो. म्हटलं, जाईल ती जाईल. पण जायच्या आधी हिला एकदा खदखदून हसलेली बघायचीच!

शिवणकाम करणारी मंदा आमची तिसरी. दोघींनी ठरवलं. रविवारी नागपूर गाठायचं, भारी हॉटेलात जेवायचं आणि दुपारच्या प्रयोगाला बसायचं. नाटक विनोदी. पोस्टरवर सगळी माणसं दात काढून उभी होती, मी नीट बघून घेतलं होतं.

"मंदे, दिवसभर मनोहरभाऊचं नाव काढाचं नाही," मी स्टेशनवरच बजावलं.

"अन् निंगालं तोंडातून तं?"

"तं चिमटा काढीन."

नागपूर येईस्तोवर मंदाचा दंड लाल झाला होता.

हॉटेल असं गार, की मंदानं पदर डोक्यावरून घेतला. मेनू माझ्या हातात. भरीत? नको, भाऊंच्या आवडीचं. पाटवडी-रस्सा? अजिबात नको, भाऊ वाटी चाटायचे. कढी नको, झुणका नको.

"मंग भात सांग," मंदा म्हणाली.

"भात बी नाही! भात पाहून तं त्यायची रोजची आठवण येईन तिले," मी तिच्या कानात.

"अवो, धानाच्या मुलखातले मानसं आपन. भात नाही तं का टेबल खाव काय?"

शेवटी भाऊंनी जन्मात खाल्लं नसेल असं काहीतरी शोधलं. पांढऱ्या रश्शातला पास्ता. आला. सुनंदानं चमच्यानं एक उचललं, गोल गोल फिरवून पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "टीव्हीवर पाहून आमच्या ह्यायले हे एकदा खाऊन पाहाचं होतं. जमलंच नाही."

आता बोला! चिमटा मी कुणाला काढायचा?

नाटक सुरू झालं. एक म्हातारा, त्याची खमकी बायको. म्हातारा बायकोशी खोटं बोलला की त्याला शिंक येते, अशी गंमत. आणि शिंक कशी? आधी "आँ… आँ…" असा आलाप, आणि मग बार!

हुबेहूब मनोहरभाऊ! एवढ्या नागपुरात मी हेच नाटक शोधून काढावं? दुसरी शिंक झाली. मी तिरक्या डोळ्यानं बघितलं. सुनंदानं पदर तोंडात कोंबला होता. तिसऱ्या शिंकेला तिचे खांदे गदागदा हलायला लागले. ती पुढं वाकली. मी हात धरला तर तिनं झटकला. डोळ्यांतून घळाघळा पाणी!

आता एक सांगते, म्हणजे तुम्ही मला अगदीच वेडी समजणार नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडपात नाटकं होतात. तिथं पोरगं हरवलं, नाटक थांबवा. कुणाची मोटारसायकल आडवी लागली, नाटक थांबवा, माइकवर सांगा. नटालाही त्यात काही वाटत नाही. राजा सिंहासनावरून विचारतो, "सापडलं काय पोट्टं?" त्याच सवयीनं मी उठून उभी राहिले.

"ओ भाऊ! थांबवा जरा नाटक!"

म्हातारा स्टेजच्या कडेला आला. "काय झालं, काकू?"

"आमची बाई रडून राहिली! तिचा मानूस अस्साच शिंके. नाही राहिला आता तो. तुमी खोका पाहिजे तं, पन शिंकू नोका!"

अख्खं नाट्यगृह मागं वळलं. त्या भल्या माणसानं सुनंदाकडे बघून हात जोडले, "माफ करा, ताई."

सुनंदानं तोंडावरचा पदर काढला. चेहऱ्यावर काय होतं सांगू? हसू! कानापर्यंत हसू!

"अवो शोभाबाई," ती म्हणाली, "मी हासून राहिली होती वो!"

म्हणता म्हणता ते हसू आटत गेलं. शेकडो माणसं तिच्याकडे दयेनं बघत होती, ती मान खाली घालून बसली, आणि हे सगळं मी उभ्याउभ्या बघत होते. मंदानं पदर ओढून मला खाली बसवलं आणि सकाळपासूनचे सगळे चिमटे व्याजासकट परत केले.

नाटक पुढं सुरू झालं. त्या नटानं माझा शब्द पाळला हो! उरलेल्या नाटकात जिथं जिथं शिंक होती, तिथं तो खोकला. खोकल्याला कोण हसणार? कुणीच हसलं नाही. सुनंदाही नाही.

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मग आपणहून म्हणाली, "जनमभर चिडली मी त्या शिंकेपायी. लोकायपुढं लाज वाटे. आज पयल्यांदा हासू आलं."

"अन् म्या थांबवलं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली.

पुढं ती जायचा दिवस आला. स्टेशनवर आम्ही दोघी पोचवायला गेलो. मुलगा सामान लावत होता, सुनंदा खिडकीशी. मी मनात म्हटलं, शोभे, तुझं एक देणं राहिलंय. हिला कशानं हसू येतं हे आता तुला पक्कं ठाऊक आहे. मी खिडकीला तोंड लावलं, "आँ… आँ…" असा लांब आलाप घेतला, आणि दिला बार!

"जाताना शिंकता काय वो, अपशकुनी!" मंदा खेकसली.

पण सुनंदानं पदर तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. बघा! यावेळी मी शहाणी होते. रडणं कोणतं आणि हसणं कोणतं, एकदा तोंडघशी पडून शिकले होते. दुसरी शिंक दिली. हमाल बघायला लागले. "हास, हास!" म्हणत मी स्वतःच फिदीफिदी हसत होते. गाडीनं शिटी दिली. मी मोठ्ठा श्वास घेऊन तिसरी शिंक दिली, पार मनोहरभाऊंसारखी, आणि तेव्हा सुनंदाचा पदर खाली आला.

ती हसत नव्हती हो.

शिंक झाली की निघणाऱ्यानं घडीभर थांबायचं असतं. मी चांगल्या तीन दिल्या. गाडी काही थांबली नाही.