रुसलाय, मेला नाय

मॅडम सोनोग्राफीची जेली आधी आपल्या तळहातावर घ्यायच्या, दोन्ही हात खसाखसा चोळायच्या, मगच लेकराच्या पोटाला लावायच्या. "गार लागलं की लेकरू दचकतं, आन् गुर्दाबी दचकतो," म्हणायच्या. मी लई दिवस पडद्याकडं टक लावून बसलो, गुर्दा दचकताना कवा दिसतो म्हणून. हसा तुमी. मॅडमबी हसल्या होत्या.

मी त्यांच्या सोनोग्राफीच्या खोलीत स्ट्रेचर ढकलायचो. वाळूजला नव्या कंपन्या निघाल्या, तिथं गेटवरच सही मागितली. म्या अंगठा दाखवला, त्यायनी रस्ता दाखवला. मग दवाखान्यात वाचता येतं अशी थाप मारून चिकटलो. चिठ्ठी हातात आली की भुवया आवळून बघायचो, "हं, हं" करायचो. पोटाची सोनोग्राफी म्हंजे आधी पाणी पाजायचं, एवढं मला पाठ. चिठ्ठीत दुसरं काय असणार?

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. जो तो आडनाव विचारायचा. एका बापानं मॅडमला विचारलं, "तुमी कुठल्या म्हणायच्या?"

"ह्या खोलीतल्या," मॅडम म्हणल्या. "लेकराला कुशीवर करा."

आया पडद्याकडं बघून रडायच्या. मॅडम बोट ठेवून दावायच्या, "हे बघ बाई, गुर्दा आकसला असता तर जुनं दुखणं. ह्याचा आकार शाबूत हाय. रुसलाय, मेला नाय." लई लेकरांचे रुसवे निघाले. लेकरू मुतलं म्हणून पेढे वाटणारा वॉर्ड दुसरा कुठं बघितला का तुमी?

त्यातच एकदा बंद झाला, एसट्या थांबल्या. बिडकीनहून एक मेंढरं राखणारा चार वर्षांची पोरगी खांद्यावर घेऊन चालत आला. जुलाबानं सुकलेली. वॉर्डात सलाइन दिलं, तरी लघवीचा थेंब नाय. मॅडमच्या हातची चिठ्ठी देऊन तिला माझ्या स्ट्रेचरवर घातली.

खोलीबाहेर ती म्हणली, "मामा, पाणी."

म्या चिठ्ठी बघितली, हं हं केलं, आन् तांब्या तिच्या तोंडाला लावला. सगळा प्याली.

टेबलावर तिला धाप लागली. मॅडमनं पडद्याकडं बघितलं. "लघवीची पिशवी रिकामी, आन् पोटात एवढं पाणी? कुणी पाजलं? गुर्दा बंद असला की पाणी छातीत चढतं. घोटभरबी देऊ नका, असं मी लिवलं होतं."

"म्या," म्हणलो. "मला वाचता येत नाय, मॅडम."

सारा दवाखाना फसवला, खरं बोलायला ही येळ गावली.

मॅडमनं पुन्हा हात चोळले, पोरीच्या पाठीला लावले. बापाला म्हणल्या, "आकार शाबूत हाय. रुसलाय..."

पोरगी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. चौकशी बसली. मॅडमनं लिहून दिलं, "तोंडी सांगायला पाहिजे होतं, चूक माझी." मी दाराआड उभा होतो. दिवसभर बडबड करून लोकांना हसवणारा मी, मला वाचता येत नाय एवढं आत जाऊन सांगितलं नाय.

त्यांची बदली झाली. निघताना माझ्या हातात कागद दिला. तांब्या काढलेला, त्याच्यावर फुली.

"हे वाचता येतं ना?"

"येतं, मॅडम."

पोरगी माझ्या पाण्यानं गेली का यायला उशीर झाला म्हणून, तेवढं विचारायचं राहिलं. गारखेड्याला त्यांच्या घरी दोनदा गेलो. दोन्ही बारीला कुलूप.

आता माझी नात पाणी मागते. मी तांब्या उचलतो, तसाच धरतो, आन् तिच्या आईला हाक मारतो.

"आबा, तुमाला साधं पाणीबी देता येत नाय का?" तिची आई विचारते.

"नाय," म्हणतो.