बायनाच्या डोक्यावरची मोळी

राजेश्री लहानपणापासून एका जागी बसणारी नव्हती. जेवताना दोनदा उठायची. ही पोरगी दोन वर्षं टेबलापाशी बसून कादंबरी लिहील असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला येड्यात काढलं असतं. पण तिनं लिहिली. गंगाखेडला एका दुकानात ती लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. पहाटे पाच ते आठ लिहायचं, मग एसटी धरायची. अख्खी कादंबरी तिनं चार वेळा हातानं उतरवली. मी शेजारी राहतो, डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्याला मेहनत म्हणतात ती ही.

कादंबरी आठवी-दहावीच्या पोरांसाठी आहे. त्यातली बायना बारा-तेरा वर्षांची. तिला शाळेतून काढून ऊसतोडीला नेतात. ती ऊस तोडते, मोळ्या वाहते आणि शेवटच्या प्रकरणात परत शाळेत जाते. पुस्तक चाललं. मागच्या पानावर प्रकाशकानं छापलं होतं : 'लहानपणी स्वतः ऊस तोडलेल्या लेखिकेची कहाणी.'

ते खरं नव्हतं.

तिचे आईबाप, कडूबाई आणि राधाकिशन, दरवर्षी दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जात. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम नाखूश असतो. एका वर्षी कडूबाईची कंबर गेली. थोरली पंकजा तेव्हा सातवीत होती. राधाकिशननं तिला शाळेतून उचलली आणि कोयता पुरा केला. धाकटी राजेश्री शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहिली. पुढंही तसंच चाललं. पंकजा उसाच्या फडात, राजेश्री वर्गात. उन्हाळ्यात पंकजा परत आली की दोघी गोदावरीवर धुणं धुवायला जायच्या आणि पंकजा सहा महिन्यांचं सगळं सांगायची. बायना तिथून आली.

मागच्या पानावरची ती ओळ छापायच्या आधी राजेश्रीला दाखवली होती. तिनं ती राहू दिली. मला म्हणाली, प्रकाशक म्हणतो त्यानं पुस्तक खपतं. मी म्हणालो, खपत असेल. पुढं बोललो नाही. साखर कारखान्याच्या गव्हाणीवर, म्हणजे गाडीतला ऊस जिथं ओततात तिथं, मी एकतीस वर्षं काढली. कुणाच्या नावावर कुणाची मजुरी लागते हे पुष्कळ पाहिलं आहे.

पंकजानं पुस्तक वाचलं होतं. ओळीवर बोट ठेवून, महिनाभर. वाचून झाल्यावर ते फळीवर ठेवलं आणि एक शब्द बोलली नाही. राजेश्रीला खात होतं ते हे. पेपरात चांगलं छापून आलं, बाहेरगावाहून पत्रं आली, पण बहीण बोलेना. विचारायची हिंमत हिला होईना.

सप्टेंबरात सेलूला किशोरांचा पुस्तक मेळावा ठरला. दहा-बारा शाळांची पोरं, एक मंगल कार्यालय, लेखकाशी गप्पा. राजेश्रीला बोलावणं आलं. कडूबाईनं मला सोबत जायला सांगितलं. आदल्या दिवशी पंकजा सासरहून आली आणि म्हणाली, मी बी येते. राजेश्रीचा चेहरा उतरला. नको कसं म्हणणार?

सकाळच्या गाडीनं गंगाखेडहून परभणी, तिथून दुसऱ्या गाडीनं सेलू. परभणीपर्यंत राजेश्रीनं पिशवी चार वेळा उघडून पाहिली. टाचणाचे कागद काढायची, वाचायची, ठेवायची. जागा असून उभी राहिली. दर स्टेशनाला मला विचारायची, काका, उशीर होतोय का. कार्यक्रम साडेअकराचा, आम्ही नऊला पोहोचणार होतो. मी तिला खाली बसायला सांगितलं. पंकजा खिडकीपाशी शेंगा सोलत होती. म्हणाली, "बसू नका म्हणा तिला. उभ्यानं गाडी जोरात पळती."

राजेश्री हसली नाही.

मंगल कार्यालयात तीनेकशे पोरं सतरंज्यांवर बसली होती. मी आणि पंकजा मागं खुर्च्यांवर. राजेश्रीच्या आधी एका लेखकानं भुताची गोष्ट सांगून पोरांना लोळवलं होतं. मग ही उठली. पहिली दहा मिनिटं वाईट गेली. कागद वर-खाली झाले, माईक शिट्टी मारायला लागला, पोरं कुजबुजायला लागली. मग तिनं कागद ठेवून दिले आणि मोळ्यांचं प्रकरण वाचायला घेतलं. बायना एकटी मोळी उचलून डोक्यावर घेते आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढते, दिवसभर. वाचन चांगलं झालं. पोरं गप्प झाली. मी पंकजाकडं पाहिलं. ती समोर बघत होती, जशी बसमध्ये बघतात तशी.

प्रश्नांना सुरुवात झाली. लिहायला किती दिवस लागले, पुढचं पुस्तक कधी. मग तिसऱ्या ओळीतली एक मुलगी उठली. नाव सृष्टी, नववीत, जिंतूरकडच्या एका शाळेची.

"मॅडम, बायनाच्या डोक्यावर मोळी दिली कोणी?"

राजेश्रीला कळलं नाही. तिनं प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला.

"मोळी लय जड राहती. खालून एकटीला उचलत न्हाई. माझी माय माझ्या बापाच्या हातानं घेती. मी तोडीला गेले की मी माईला देते. तुमी तोडलाय ना ऊस? मंग बायनाला कोणी दिली?"

दोन-तीन पोरं हसली. सृष्टी हसली नाही. ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच उत्तर हवं होतं.

राजेश्रीनं तोंड उघडलं. वडिलांनी, म्हणाली. मग म्हणाली, नाही, म्हणजे पुस्तकात वडील तेव्हा आजारी आहेत. माईक एका हातातून दुसऱ्या हातात गेला. कार्यक्रम चालवणाऱ्या, बाजूला बसलेल्या बाईंनी पुढचा प्रश्न घेऊ या का, असं हळूच विचारलं. सुटायची वाट उघडी होती.

राजेश्रीनं मान हलवून नको सांगितलं.

"मी ऊस तोडलेला नाही," ती म्हणाली. "मागच्या पानावर छापलंय ते खोटं आहे. छापायच्या आधी मला माहीत होतं. ऊस माझ्या बहिणीनं तोडला. मी वसतिगृहात होते. बायना म्हणजे ती. ती तिथं मागं बसली आहे."

तीनशे माना वळल्या. पंकजानं पदर सारखा केला. तिला पुढं बोलावलं, ती गेली नाही. कुणीतरी दुसरा माईक मागं आणला, तो तिनं घेतला नाही. जागेवरूनच, फडात हाक मारतात तशा आवाजात बोलली.

"पोरी, तुझं खरं हाय. पण एकटीला बी घेता येती. मोळी उभी करायची, गुडघ्यावर बसायचं, डोकं लावायचं आन् उठायचं. मान लय दुखती. मी घेतलीय. दिवसातनं दोन-तीन बारी. दिसभर न्हाई होत."

सृष्टीनं मान डोलावली आणि खाली बसली. तिला उत्तर मिळालं होतं. मग मात्र प्रश्न थांबेनात, आणि निम्मे मागं वळून पंकजाला होते. कोयत्याला धार कशानं लावता, उसाच्या पाचटानं हात कापला की काय लावता. राजेश्री स्टेजवर उभी होती, हातात माईक.

परतीला सेलूच्या फलाटावर गाडीला तास होता. राजेश्री या टोकाहून त्या टोकापर्यंत फिरत होती. चौथ्या फेरीला ती बहिणीसमोर थांबली.

"आक्का, राग आला का तुला? मी तुझं घेतलं म्हणून?"

"सांगितलं मीच ना तुला? घ्यायला काय, घे."

"मग वाचून बोलली का नाहीस?"

पंकजानं पिशवीतून एक शेंग काढून सोलली. मग म्हणाली, "ती शेवटाला शाळेत जाती. मास्तर घ्यायला येतो, टाळ्या वाजत्यात. मी कुठं गेले शाळेत?"

राजेश्री म्हणाली, पोरांचं पुस्तक आहे, शेवटी काहीतरी आशा ठेवावी लागते.

"ती पोरगी उभी राहिली न्हाई का मघाशी? ती दिवाळीनंतर जायचीच हाय. ती म्हणंल, आपल्याला मास्तर का न्हाई आला. तिला वाटंल आपलंच काही चुकलं."

राजेश्रीनं विचारलं, मग काय लिहू?

"ते मला काय ठावं? लिहिणारी तू." पंकजानं शेंगांची पिशवी झटकली. "दिवाळीनंतर चल आमच्यासंगं. आठ दिस मोळ्या घे. मंग बघू."

राजेश्री लगेच हो म्हणाली. मी तिला सांगितलं की लगेच म्हटलेल्या होला वजन नसतं. तिला ते आवडलं नाही.

पण गेली. दुकानातून रजा काढली आणि पंकजा व तिचा नवरा हरिओम यांच्या टोळीबरोबर ट्रकमध्ये बसली. पहिल्या दिवशी अकरा मोळ्या वाहिल्या, असं पंकजा फोनवर सांगत होती. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी ताप. पाचव्या दिवशी पुन्हा उभी राहिली. नवव्या दिवशी सव्वीस. पंकजाच्या साठ होत्या. अकराव्या दिवशी परत आली, बारीक होऊन.  हात ओढणीत गुंडाळून बसली होती.

आता पुन्हा पाच ते आठ बसते. प्रकाशकाला कळवून मागच्या पानावरची ओळ काढायला लावली. नवी आवृत्ती निघणार आहे, त्यात शेवटचं प्रकरण बदलायचं आहे. आतापर्यंत सहा वेळा लिहिलं. एकात बायना पळून जाते, एकात तिचं लग्न होतं, एकात ती फक्त फळी चढत राहते. सहाही फाडली. मध्येच उठते, अंगणात येते, मला विचारते की काका, ट्रकची फळी किती फूट असते. मी सांगतो. ती आत जाते आणि दहा मिनिटांत परत बाहेर येते.

परवा प्रकाशकाचा फोन आला. जानेवारीत मेळाव्यांचा हंगाम असतो, तोवर पुस्तक हवं. तिनं सांगितलं की ऊस संपल्यावर आक्का घरी येईल, तिला शेवट वाचून दाखवीन, मग छापा. तो म्हणाला, ऊस मार्चात संपतो, तोवर सगळे मेळावे होऊन जातील.

होऊ द्या, म्हणाली, आणि फोन ठेवला.