त्यांच्या हातचं शेवटचं पिंप

कारखान्यात तिला सगळे चाखणकाकू म्हणायचे. मालकही म्हणायचा, तोंडावर म्हणायचा, आणि काकूला त्याचं काही वाटत नसे. तिचं डोकं फिरायचं ते एकाच गोष्टीने. कुणी आंबट बिअरचा पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं, की काकूच्या तोंडाचा पट्टा सुरू. "अरे, जीभ आहे का चामडं? थांब की जरा!"

आणि तिचं तरी काय चुकत होतं? ही बिअर घाईच्या माणसांसाठी नाहीच मुळी. हिच्यात विकतचं यीस्ट घालत नाहीत. धान्याचा उकळलेला रस खिडक्या सताड उघड्या टाकून मोठ्या हौदात निवायला ठेवायचा. हवेतून जे येऊन पडेल ते पडेल, त्यानेच तो फसफसतो. मग जुन्या लाकडी पिंपांत भरायचा आणि विसरून जायचं. पिताना आधी दात आंबतात. मग हिरव्या सफरचंदाची साल आठवते, मग ओलं लाकूड, आणि घोट उतरून गेल्यावर मागे मधासारखं काहीतरी राहतं. ते मागचं ज्याला लागलं, तो कायमचा फसला.

काकूला फसवलं तिच्या नवऱ्याने. लग्नाआधीची गोष्ट. ती बाटल्या धुवायला लागली होती आणि तो पिंपं भरायचा. एकदा त्याने पिंपाच्या पोटातला बारीक खिळा उपसला, ग्लासात चूळभर धार धरली आणि म्हणाला, "गिळू नकोस. डोळे मीट आणि सांग, काय आठवतं?" ती म्हणाली, "शाळेमागचं भिजलेलं गवत." त्याने खिळा परत ठोकला. "मग इथे बाटल्या कसल्या धुतेस? उद्यापासून माझ्याबरोबर चाखायला ये." काय दिवस होते! पुढे संसार झाला, लेक झाली, तिन्हीत्रिकाळ घरात त्या लाकडाचा वास. लेकीला तो मुळीच आवडायचा नाही.

ती दूर देशी नोकरीला गेली, आणि इकडे एका सकाळी काम करता करता बाप गेला. लेक पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यानंतर तिचा फोन यायचा, पण जेवण, हवा, तब्येत यापलीकडे गाडी जायची नाही. बाबांचा विषय निघाला की ती फोन ठेवायची. काकूच्या जिवाला ते लागून राहिलं.

कोपऱ्यातलं एक पिंप नवऱ्याने जायच्या आदल्या आठवड्यात भरलं होतं. काकूने मालकाला सांगून टाकलं, "हे तीन हिवाळे मुरेल. माझी लेक आली की तिच्यासमोर उघडायचं. बापाच्या हातचा एक ग्लास तरी पोरीला मिळू दे." तोवर कुणी हात लावायचा नाही, ही ताकीद. पिंपात वर साय धरते आणि हवा अडवते. आतलं काढत गेलं की ती फाटते, आणि फाटली की बिअरचं व्हिनेगर झालंच म्हणून समजा. हे काकूनेच सगळ्यांच्या डोक्यात भरवलं होतं. मालकाने एकदा उगाच त्या खिळ्याशी चाळा केला, तर त्याच्याही हातावर चापट बसली.

अखेर लेक आली. काकूने ग्लास घासूनपुसून लख्ख केला. मालकाने सवयीने पिंपावर बोटं वाजवली आणि थबकला. वरचा भाग पोकळ वाजत होता. "गळतंय की काय?" त्याने खालून हात फिरवला. कोरडं ठणठणीत.

काकूने खिळा उपसला. धार ग्लासात पडली मात्र, नाकात झणका बसला. मालकाने वास घेतला आणि मान खाली घातली.

"व्हिनेगर झालंय, काकू. कुणीतरी वरचेवर काढत होतं यातून."

"कुणीतरी कशाला? मीच." काकूने खिळा परत ठोकला. "यांची आठवण अनावर झाली की यायचे. घोटभर घ्यायचे, खिळा ठोकायचे. तेवढा वेळ हे शेजारी उभे आहेत असं वाटायचं गं. म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय! साऱ्या जगाला अक्कल शिकवली आणि स्वतःच माती खाल्ली. तुझ्यासाठी ठेवलं होतं, आणि मीच नासवलं."

लेकीने आईच्या हातातून ग्लास घेतला.

"तुला भेटत होते ना ते?"

काकूने मान डोलावली.

"मग बरं झालं," लेक म्हणाली आणि तिने ग्लास तोंडाला लावला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"वेडी आहेस का? घसा जळेल, दे इकडे!" काकूने हात पुढे केला. लेकीने ग्लास छातीशी धरला.

"राहू दे, आई. बाबा गेल्यापासून मला रडूच आलं नव्हतं."

असं म्हणून ती पिंपाला टेकून खाली बसली आणि लहान पोरीसारखी ओक्साबोक्शी रडू लागली. काकू तिच्याजवळ जमिनीवर बसली. मालक पाय न वाजवता बाहेर गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.